शब्द कुणाचे, चाल कुणाची, गळा कुणाचा?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज आपण गाणं ऐकणार नाही, गाण्याविषयी बोलणार आहोत. दिवसभरात आपण किती गाणी गुणगुणतो! भाकरी थापताना, खुरपताना, बाळाला झोपवताना. पण हे गाणं तयार कुणी केलं, असा प्रश्न आपल्या मनात कधी येतो का?

गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारते, तेव्हा बहुतेक बाया गाणाऱ्याचं नाव सांगतात. ‘लताबाईंचं गाणं’, ‘आशाताईंचं गाणं’. ते चूक नाही. पण अर्धंच आहे. आपल्या गटाच्या पापडाचं बघा. डाळ एकीनं दळून आणली, पीठ दुसरीनं मळलं, लाटले तिसरीनं, वाळवले चौथीनं आणि प्रदर्शनात स्टॉलवर बसली पाचवी. गिऱ्हाइकाला दिसते ती पाचवीच. गाण्याचंही तसंच आहे. शब्द लिहिणारा तो गीतकार. त्या शब्दांना चाल लावणारा तो संगीतकार. आणि ते गाऊन आपल्यापर्यंत आणणारी ती गायिका. कधी ही तिन्ही कामं एकच माणूस करतो, कधी तीन वेगळी माणसं. कधी तर त्यांच्यामध्ये शेकडो वर्षांचं अंतर असतं.

‘तीर्थ विठ्ठल’ हा अभंग घ्या. भीमसेन जोशींचा आवाज आठवतोच. शब्द संत नामदेवांचे, म्हणजे सातशे वर्षांच्या आसपासचे. म्हणून चालही तितकीच जुनी असेल, असं आपल्याला वाटतं. पण ही चाल बांधली राम फाटक यांनी, पुणे आकाशवाणीसाठी, विसाव्या शतकात. पंढरीच्या वाटेवर आता ती अशी म्हटली जाते, की जणू नामदेवांनीच लावली असावी. चाल इतकी आपली झाली, की चाल लावणारा दिसेनासा झाला. हा एका परीनं त्याचा मोठेपणाच. पण एखाद्याचं काम दिसेनासं होण्याला दुसरी बाजूही असते, आणि ती बाजू बायकांच्या वाट्याला जास्त आली. आज मला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

कांडणावरची ओवी

आपल्या गाण्याचा सगळ्यात जुना पुरावा कुठे सापडतो? तो एका राजाच्या ग्रंथात आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात सोमेश्वर तिसरा नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात गाण्याचे प्रकार सांगताना म्हटलं आहे, की महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. बघा हं, ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. त्याच्या दीडेकशे वर्षं आधीच ओवी बायकांच्या तोंडी होती आणि राजाच्या ग्रंथापर्यंत पोचली होती. ज्ञानेश्वरीची ओवी या बायकांच्या ओवीतूनच वर आली, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण त्या ग्रंथात राजाचं नाव आहे, ओवी गाणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. ते असण्याची पद्धतही नव्हती. ओवी कशी तयार होते हे तुम्हाला माहीत आहे. जात्यावर दोघी बसतात. एक पहिली ओळ उचलते, दुसरी तिला जोड देते. माहेरची आठवण आली की ओवी येते, भाऊ न्यायला आला नाही की ओवी येते, पाऊस लांबला तरी ओवी येते. आईची ओवी लेक सासरी नेते, तिथे सासूच्या ओवीत मिसळते. चालीला कुणी ‘गळा’ म्हणतं. या गावचा गळा वेगळा, त्या गावचा वेगळा. शब्द एकीचे, गळा दुसऱ्या गावचा, आणि वर दळणाचा वेग, कारण जातं फिरेल त्या तालात गाणं चालायचं. अशा गाण्याला एक मालकीण शोधणं कठीण, हे मी मान्य करते. पण मालकीण एक नव्हती याचा अर्थ कुणीच नव्हती असा होत नाही.

गाण्यात गुंफलेलं नाव

संतांनी यावर एक सोपा उपाय काढला. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफायचं. याला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’ आलं की अभंग तुकोबांचा, हे लहान पोरालाही कळतं. छापखाना नव्हता, वही प्रत्येकाकडे नव्हती, तेव्हा गाणंच आपली सही घेऊन फिरत होतं. गाणारा बदलला, गाव बदललं, तरी सही सोबत.

या सहीमुळेच आपल्याला जनाबाई माहीत आहे. नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडण, शेणगोठा करणारी बाई. तिनं अभंगात आपलं नाव घातलं, म्हणून सातशे वर्षांनी आपण ते घेतो. तिच्या नावावरच्या एका अभंगात तर कुणाचे अभंग कुणी लिहून घेतले, याची यादीच आहे. ज्ञानदेवांचे सच्चिदानंदांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवानं, चोखामेळ्यांचे अनंतभट्टांनी. आणि जनीचे अभंग लिहायला खुद्द विठ्ठल बसला, अशी परंपरेची श्रद्धा. श्रद्धेचा भाग आपण आदरानं बाजूला ठेवू. पण त्या यादीत मला एक व्यवहारी शहाणपण दिसतं. गाणं रचणारा वेगळा आणि लिहून घेणारा वेगळा, आणि दोघांचीही नोंद हवी, हे त्या काळी कळत होतं.

सोयराबाईंची नाममुद्रा ऐकली की मात्र जीव गलबलतो. त्या संत चोखामेळ्यांच्या पत्नी. बऱ्याच अभंगांत त्या आपलं नाव सांगत नाहीत. चोख्याची बायको, तीही जातीच्या उल्लेखासह, एवढीच त्यांची ओळख. देवाला रोखठोक प्रश्न विचारणारी ही बाई, आणि सही करताना नवऱ्याच्या नावाआड. आपल्या गटातल्या किती जणी फॉर्मवर स्वतःचं नाव सांगायच्या आधी ‘अमक्याची बायको’ असं सांगतात, ते आठवून बघा.

शाहिरांनीही नाममुद्रेची रीत चालवली. त्यात एक गंमत आहे. ‘होनाजी बाळा’ हे एकाच माणसाचं नाव, असं पुष्कळांना वाटतं. ती दोन माणसं. होनाजी शिलारखाने लावण्या रचायचे आणि बाळा करंजकर त्या गायचे. कवी आणि गायक अशी दोघांची नावं जोडून एकच नाव झालं. किती न्यायाची रीत! अलीकडच्या काळात वामनदादा कर्डक यांनी बाबासाहेबांवर हजारो गाणी रचली आणि गावोगाव गायली. त्यांच्याही गाण्याच्या शेवटी ‘वामन’ हे नाव येतं. जयंतीला आपल्या वस्तीत बाया ती गाणी म्हणतात. कुणी पुस्तक वाचलेलं नसतं, पण कवीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं.

ओवीला मात्र अशी सही क्वचितच होती. ओवी रचणारी बाई भावाचं नाव घालायची, लेकाचं घालायची, गावाचं, देवाचं घालायची. स्वतःचं नाव घालणं तिला सुचलं नाही, की शोभणार नाही असं वाटलं, कोण जाणे.

नाटकापासून तबकडीपर्यंत

पुढे संगीत नाटकं आली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. जुन्या नाटकांची पुस्तकं पाहिलीत तर पदांच्या वर कंसात ‘चाल’ असं लिहून, ती कुठल्या गाण्यावरून घेतली ते दिलेलं दिसतं. म्हणजे शब्द माझे, चाल मात्र अमक्या गाण्याची, हे उघड सांगितलेलं. ही रीत मला फार आवडते. घेतलं असेल तर घेतलं म्हणावं.

१९११ साली ‘मानापमान’ आलं. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गायले बालगंधर्व. लोक मात्र म्हणायचे ‘बालगंधर्वांची पदं’. त्याच सुमाराला हिराबाई पेडणेकर नावाची बाई ‘संगीत दामिनी’ हे नाटक लिहीत होती. त्या स्वतः गाणाऱ्या, कलावंत घराण्यातल्या. मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककारांत त्यांचं नाव येतं. बाईची भूमिका पुरुषानं केली तर टाळ्या पडायच्या त्या काळात, बाईनं नाटक लिहावं आणि त्यातली पदं लिहावीत, ही लहान गोष्ट नव्हती. आज त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

मग आली तबकडी, म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताना गौहर जान इंग्रजीत सांगायच्या, माझं नाव गौहर जान. तबकड्या परदेशात छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना कुठलं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून. कारण व्यवहाराचं होतं. पण ऐकताना मला वेगळंच वाटतं. एक बाई शंभर वर्षांपलीकडून ठणकावून सांगते आहे, हे मी गायलं आहे.

सगळ्यांना हे जमलं नाही. १९४९ साली ‘महल’ सिनेमा आला. त्यातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! रेडिओवर गाणं लागलं तेव्हा लोक विचारू लागले, ही गाते कोण? चौकशी होऊन मग नाव जाहीर झालं, लता मंगेशकर. म्हणजे नाव मिळालं ते ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून. गाण्याला चाल होती खेमचंद प्रकाश यांची आणि शब्द होते नक्शब यांचे, हेही आज आपण विचारलं म्हणून सांगता आलं.

बाईचं काम, नाव दुसरंच

आता तीन बायांच्या गोष्टी सांगते. तिघींनी काम स्वतःच्या हातानं केलं, पण नाव दुसरं लावलं.

पहिल्या सरस्वती देवी. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ गाजला, त्याच्या संगीतकार. हे त्यांचं जन्माचं नाव नव्हे. त्या पारशी, नाव खुर्शीद होमजी. चांगल्या घरच्या मुलीनं सिनेमात काम करावं हे त्यांच्या समाजातल्या लोकांना मान्य नव्हतं, त्यावरून मोठा विरोध झाला. मग त्यांना सरस्वती देवी हे नाव देण्यात आलं. चाली जगानं गुणगुणल्या, पण त्या चालींच्या बाईला स्वतःचं नाव घरी ठेवून यावं लागलं.

दुसऱ्या शांता शेळके. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या शांताबाई. त्यांची गाणी स्वतःच्या नावानं पुष्कळ आहेत. पण एका काळातली त्यांची काही चित्रपटगीतं ‘वसंत अवसरे’ या नावानं आहेत. ‘जे वेड मजला लागले’ हे त्यातलं एक. तेव्हा त्या सिनेमांच्या सेन्सॉर मंडळाशी संबंधित काम करत होत्या. आपणच लिहायचं आणि आपणच तपासायचं हे बरं दिसणार नाही, म्हणून हे दुसरं नाव. कारण प्रामाणिक होतं. पण कित्येक वर्षं लोकांना ते कवी म्हणजे कुणी पुरुष असावेत असंच वाटत राहिलं.

तिसरी गोष्ट लताबाईंचीच. ‘साधी माणसं’ या १९६५ च्या सिनेमाचं संगीत ‘आनंदघन’ यांचं होतं. ‘ऐरणीच्या देवा’ हे त्यातलं गाणं आपण आजही म्हणतो. शब्द जगदीश खेबुडकरांचे. या संगीताला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं आणि तेव्हा कळलं, की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. गाणारी तीच, चाल लावणारीही तीच.

या तिन्ही गोष्टी सारख्या नाहीत. शांताबाईंनी आणि लताबाईंनी दुसरं नाव आपल्या मर्जीनं घेतलं. सरस्वती देवींवर ते बाहेरच्या विरोधामुळे घेण्याची वेळ आली. फरक इथंच आहे. आपलं नाव लपवायचं की सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्यानं ते पुसू नये. आणि हेही सांगायला हवं, की १९५९ साली उषा खन्ना यांनी ‘दिल देके देखो’ला संगीत दिलं ते स्वतःच्या नावानं, आणि पुढेही वर्षानुवर्षं त्या काम करत राहिल्या. वाट अवघड होती, पण बंद नव्हती.

रेडिओनं लावलेली सवय

आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून रेडिओचं एक ऋण सांगायलाच हवं. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, असं वर्षभर चाललं आणि छप्पन्न गीतं झाली. गायक-गायिका अनेक होत्या. माणिक वर्मांपासून लताबाईंपर्यंत. पण त्या काळच्या कुणा आजीला विचारा. ती आधी दोन नावं सांगेल, शब्द गदिमांचे आणि चाल बाबूजींची. गदिमा म्हणजे ग. दि. माडगूळकर, बाबूजी म्हणजे सुधीर फडके. एक लिहिणारा, एक चाल लावणारा, दोघांचीही नावं घरोघरी पोचली, कारण रेडिओ ती सांगत होता.

सिनेमाच्या गाण्यांबाबत असं सहज झालं नाही. गाणं लावताना गायकाचं नाव सांगत, संगीतकाराचं सांगत, पण शब्द कुणाचे ते राहून जाई. शायर साहिर लुधियानवी यांनी आग्रह धरला, आणि मग आकाशवाणीवर गीतकाराचंही नाव घेतलं जाऊ लागलं, असं सांगतात. आज विविध भारतीवर निवेदक चारही नावं घेतात, सिनेमा, गायक, गीतकार, संगीतकार. ही सवय कुणीतरी भांडून लावलेली आहे.

कायदा काय म्हणतो

नाव हा केवळ मानाचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात शब्द ही वेगळी कृती आणि संगीत ही वेगळी कृती मानली आहे. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याला, चालीचा हक्क चाल लावणाऱ्याला, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. ऐकायला छान वाटतं. पण त्या मूळ कायद्यात संगीत कशाला म्हणायचं, तर जे छापलेलं किंवा लिहून काढलेलं आहे त्याला! आता सांगा, आपल्या देशात चाल लिहून ठेवतंय कोण? आपल्याकडे चाल गळ्यातून गळ्यात जाते. १९९४ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ही लिहिण्याची अट गेली. त्याच दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांनाही काही हक्क मिळाले.

सिनेमातल्या लोकांची अडचण वेगळी होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की निर्मात्यानं पैसे देऊन गीत-संगीत करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता. म्हणजे गाणं पुढे कितीही वाजो, लिहिणाऱ्याला एकदा मिळाले तेवढेच. हे बदललं २०१२ साली. कवी जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला. आता गीतकार-संगीतकारानं हक्क विकला, तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तो वारसाला देता येतो किंवा कलाकारांच्या कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. दुसऱ्या कुणाला लिहून दिला, तरी तो करार चालत नाही.

रॉयल्टी म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगायचं तर शेत विकलं तरी झाडाच्या आंब्यातला वाटा राखून ठेवणं.

‘पारंपरिक’ या शब्दाआड

आता आपल्याकडे वळते. मागे एका कार्यक्रमात आमच्या एका गटानं गाणं म्हटलं. भोंडल्याच्या जुन्या चालीवरचं. शब्द मात्र नवे. गटातल्याच एका ताईंनी रचलेले. सावकाराकडे गहाण पडलेल्या डोरल्याचं आणि गटाच्या कर्जातून ते सोडवून आणल्याचं ते गाणं. ताई सातवी शिकलेल्या. शब्द जुळवायला त्यांना दोन महिने लागले होते. भांडी घासताना एक ओळ सुचली की कोळशानं भिंतीवर लिहून ठेवायच्या. कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापून आलं, ‘लोकगीत, पारंपरिक’. पुढे त्याच गाण्याचा व्हिडिओ फिरला, त्यात तर ‘गीत-संगीत’ म्हणून भलत्याच माणसाचं नाव. विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, ‘अहो ताई, असली गाणी काय कुणाची असतात!’

मैत्रिणींनो, असली गाणी कुणाची तरी असतात. ताई एवढंच म्हणाल्या, ‘पैशाचं राहू द्या, पण माझं डोरलं होतं ते.’ त्यावर मला बोलायला काही उरलं नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाल त्यांची नव्हती, आणि त्या तसं म्हणतही नव्हत्या. चालीपुढे ‘पारंपरिक’ लिहिणं बरोबरच होतं. शब्दांपुढे ते लिहिणं चूक होतं. शब्द वेगळे, चाल वेगळी, हे एवढं कळलं असतं तर एका ओळीत न्याय झाला असता. ‘पारंपरिक’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, खरोखरच पिढ्यान्‌पिढ्यांची घडण. दुसरा, आम्ही विचारलं नाही.

विचारलं तर काय होतं, हे बघायला बहिणाबाई चौधरी आहेतच. जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी रचायच्या आणि म्हणायच्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसानं त्यातली काही उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. १९६१ च्या ‘मानिनी’ सिनेमात त्यांच्या कविता गाणी होऊन आल्या, चाली लावल्या वसंत पवारांनी. आपल्याला रेडिओवर ऐकू येते ती बहुधा ही सिनेमाची चाल. बहिणाबाई स्वतः कुठल्या गळ्यावर म्हणत असतील? शब्द वहीत उतरले म्हणून वाचले, गळा मात्र त्यांच्याबरोबर गेला.

दुसरं उदाहरण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांचं. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ती संख्या मोठी आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव त्यांनी लिहून ठेवलं. पुष्कळ ओव्या बायकांच्या आवाजात टेपवर घेतल्या, म्हणजे गळाही राखला. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या, तेव्हा प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव होतं. बाराव्या शतकात राजाच्या ग्रंथात जे राहिलं होतं, ते इथे भरून निघालं. गिरणी आल्यामुळे जातं थांबलं. ज्यांना ओव्या येतात त्या आता आज्या-पणज्या आहेत. त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.

आपल्या गटाची गाण्याची वही

म्हणून आमच्या गटांनी एक ठराव केला आहे. ठरावाच्या वहीत रीतसर लिहून, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. गटात जशी हप्त्याची नोंद ठेवतो, तशी गाण्याची ठेवायची. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. हप्ता भरला आणि पासबुकात लिहिला नाही, तर तो भरला असं कोण मानेल?

दोनशे पानी वही घेतली आणि रकाने पाडले. गाण्याचे शब्द कुणाचे. चाल कुणाची, जुनी असेल तर कोणत्या गाण्याची. आज म्हटलं कुणी. त्यांनी ते कुणाकडून शिकलं, कोणत्या गावात. तारीख. आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा: हे गाणं बाहेर द्यायला, मोबाइलवर घ्यायला, छापायला म्हणणारीची हरकत आहे की नाही. ज्या ठिकाणी माहीत नाही, तिथे ‘पारंपरिक’ न लिहिता ‘माहीत नाही’ लिहायचं. कुणास ठाऊक, उद्या दुसऱ्या गावची एखादी सांगेल, अगं, हे तर माझ्या मावशीचं.

कॉपीराइटसाठी सरकारदरबारी नोंदणी केलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. गाणं रचलं की हक्क आलाच. पण वाद झाला तर पुरावा लागतो. तारीख घातलेली वही आणि तारखेसह मोबाइलवर घेतलेलं गाणं, हा आपल्या हातातला पुरावा. वहीत पहिल्या पानावर आम्ही त्या ताईंचं डोरल्याचं गाणं उतरवलं आहे. शब्दांपुढे त्यांचं नाव, चालीपुढे ‘भोंडल्याची जुनी चाल’, आणि गाणाऱ्या अकरा जणींची नावं खाली.

आपल्या केंद्राच्या ताईंशीही बोलणं झालं आहे. यापुढे या कार्यक्रमात गावातलं कुठलंही गाणं लागलं, की शब्द, चाल आणि गळा अशी तिन्ही नावं आधी सांगितली जातील. तेव्हा गाणं पाठवताना नुसतं गाणं पाठवू नका. घरी आजी, मावशी, आत्या असेल तर आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा आणि विचारा, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणेल, ‘त्यात काय लिहायचंय?’ तरी लिहा. तिचं पूर्ण नाव लिहा. नवऱ्याचं नंतर, आधी तिचं.